अप्पांची पहिली सही

पीयूसीच्या पहिल्या वर्षाला, म्हणजे अकरावीला असताना बायलॉजीच्या सरांनी एका शनिवारी आम्हा सायन्सवाल्यांना थांबवून घेतलं आणि फळ्यावर दोन रकाने काढले. एकावर लिहिलं, काय व्हायचंय. दुसऱ्यावर, कागद. सर घरचे कन्नड, पण हुमनाबादेत राहून मराठी बरं बोलायचे. म्हणाले, "दुसऱ्या वर्षी फॉर्म निघाले की सगळे बोंबलत पळतात. तुम्ही आत्ताच लागा. मार्क कमी पडले तर अभ्यास करता येतो. कागद कमी पडला तर काही करता येत नाही."

मी वहीत तसेच दोन रकाने काढले आणि पहिल्यात डॉक्टर लिहून टाकलं. का म्हणून विचाराल तर मला तरी काय माहीत! आमच्या गावात डॉक्टर कुणी पाहिला होता? पण लिहिलं. मराठी शाळेतून आलेली मी, दोन महिने मला सेल म्हणजे बॅटरीतलाच सेल वाटत होता. मग कळलं, अरे ही तर आपली पेशी! त्या दिवसापासून मी इंग्रजी पुस्तकाला भीत नव्हते. रोज चार मैल चालत यायचे, चालत जायचे आणि वाटेत हाडांची नावं पाठ करायचे.

सर एकेकाचा दुसरा रकाना बघत आले. माझ्याजवळ थांबून त्यांनी जातीच्या दाखल्याचं विचारलं. तो काढायचा होता, पण शाळेचा दाखला पिशवीतच होता, तो दिला. सरांनी वाचला, परत वाचला, मग चष्मा काढला.

"बौद्ध लिहिलंय."

"व्हय सर. आम्ही बौद्धच."

"अगं, मग तुझं कसं व्हायचं? आपल्या कर्नाटकात बौद्धांना अनुसूचित जातीची सवलत नाही. धर्म बदलला म्हणजे जात गेली आणि जात गेली म्हणजे सवलत गेली. राखीव जागा नाही, हॉस्टेल नाही, फी माफ नाही."

मी हसलेच. जात गेल्याचं सरकारला कळलं होतं, आमच्या गावाला मात्र अजून कळायचं होतं. चौकातल्या हॉटेलात आमची कपबशी बाहेर वळचणीला ठेवलेली असायची. ते मी सरांना सांगितलं. ते खाली बघत म्हणाले, "माहीत आहे मला. पण कपबशीवर शिक्का मारून मिळत नाही."

मी म्हटलं, "पण सर, माझ्या भावाला मिळाली की सवलत!"

आता हे नीट सांगायला पाहिजे, कारण माझं सगळं नशीब तिथंच अडकलं होतं. माझे वडील, म्हणजे अप्पा, मिसरूड फुटायच्या वयात गावातल्या माणसांबरोबर दीक्षा घेऊन आले होते. घरातले देव टोपलीत घालून त्यांनी स्वतः ओढ्यात सोडले. पण थोरल्या भावाला, अण्णाला, शाळेत घालायला गेले ते आजोबा. गुरुजींनी विचारलं, आजोबांनी सवयीनं जुनी जात सांगितली, गुरुजींनी हिंदू म्हणून लिहिली. त्या कागदावर अण्णा शिकला आणि सरकारी बसवर कंडक्टर झाला. माझ्या वेळी आजोबा नव्हते. मला घेऊन अप्पा गेले.

अप्पा सडकेवर मैलकुली होते. हैदराबादच्या हमरस्त्याचे सहा मैल त्यांच्याकडे. खड्ड्यात मुरूम भरायचा, कडेचं गवत काढायचं, मैलाच्या दगडांना चुना लावायचा. लिहिता येत नव्हतं. पण मला शाळेत घालायचं ठरल्यावर अण्णाकडून त्यांनी आपलं नाव पाटीवर काढून घेतलं आणि दोन दिवस मैलाच्या दगडाच्या पाठीमागच्या बाजूला कोळशानं गिरवलं. चुकलं की चुन्याचा हात मारायचा, परत गिरवायचं. तिसऱ्या दिवशी मला खांद्यावर घेऊन शाळेत गेले.

हे मला आठवतं, कारण शाळेचं ते दाखलखारीज रजिस्टर मला दारापेक्षा मोठं वाटलं होतं. पोराचं नाव शाळेत कधी आलं, कधी गेलं, हे त्यात लिहायचे. गुरुजी चांगले होते. म्हणाले, "अप्पा, मी लिहितो बौद्ध. पण पोरीला पुढं अडचण येईल. भावाचं लिहिलंय तसंच लिहू का?"

अप्पा म्हणाले, "जे सोडलं ते कामून लिवता गुरुजी? लिवा बौद्ध."

गुरुजींनी शाईचा पॅड पुढं सरकवला. अप्पांनी तो मागं सरकवला आणि पेन मागून घेतलं. तीन अक्षरं काढायला त्यांना इतका वेळ लागला की मी त्यांच्या धोतराचा सोगा धरून तिथंच बसले. ती त्यांच्या आयुष्यातली पहिली सही. घरी येऊन त्यांनी आईला सांगितलं, "अंगठा न्हाई दिला, बरं का." त्यानंतर कितीतरी वर्षं ते आल्यागेल्याला सांगायचे.

सरांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "भावाचा दाखला आहे ना? मग वाट आहे. वडिलांनी शपथपत्र द्यायचं, की आम्ही हिंदूच, मुलीच्या नोंदीत बौद्ध हे चुकून लिहिलं गेलं. शाळेची नोंद दुरुस्त होईल, दाखला निघेल. पुष्कळांनी काढलाय. वर्ष संपायच्या आत कर."

मला हायसं वाटलं. एवढंच ना? एक सही! मी घरापर्यंत जवळजवळ पळत गेले.

अप्पा दारात बसून फावड्याचा दांडा ठोकत होते. मी एका दमात सगळं सांगितलं. त्यांनी मान वर केली नाही.

"चुकून?" ते म्हणाले.

"नुसतं लिवायचं अप्पा. कागदावर."

"मी चुकून सही केलो व्हय? दोन दिस गिरवून?"

"पण त्याबिगर हॉस्टेल न्हाई. गुलबर्ग्याला न्हाईतर बेंगळुरात मी ऱ्हाणार कुठं? माझं शिक्षणच बंद हुतंय!"

"दुसरं कायतरी बग," म्हणाले आणि उठून गेले. दांडा तसाच अर्धा ठोकलेला.

दुसरं काय बघू? मी पुढचे दोन महिने दुसरंच बघत होते. अण्णाला मध्ये घातलं. तो हिरमुसला होऊन परत आला. "माझ्या कागदावर बी ते नाराजच हायेत," म्हणाला, "माझ्याच तोंडानं कसं सांगू?" अप्पांची सही मी वहीच्या मागच्या पानावर गिरवून बघितली. मला दोन मिनिटांत जमली, तेव्हा स्वतःचीच लाज वाटली. तरी ती घेऊन तहसील कचेरीबाहेर अर्ज लिहून देणाऱ्याकडे गेले. तो बघूनच म्हणाला, "वडलाला घेऊन ये. साहेबासमोर सही पायजे." वर्गात सर वही मागायचे आणि दुसऱ्या रकान्याकडे बघून परत द्यायचे. हाडांची नावं पाठ करणं मी बंद केलं. कशाला करायची? नवऱ्याच्या घरी भाकरी थापताना कुणाला सांगायची?

मग उदगीरच्या मामांचं पत्र आलं. मामा बौद्धच, त्यांच्या पोरांच्या दाखल्यावर बौद्धच, आणि पोरं झकास सवलतीत शिकत होती. कारण उदगीर महाराष्ट्रात. तिथल्या सरकारला आमचा धर्म चालत होता. मी आईला घेऊन बस पकडली. भालकी मागं पडलं तसा माझा जीव वर येत गेला. काय म्हणून दहावीनंतरच इकडं आले नाही, असं वाटायला लागलं. अंतर तरी किती! शिवार तेच, ज्वारी तीच, बाया तसंच नेसतात, तसंच बोलतात.

कॉलेजातल्या क्लार्कनं दाखला बघितला. "बौद्ध? मग काही अडचण नाही," तो म्हणाला आणि आईनं पदर तोंडाला लावला. मग त्यानं कागद उलटून पाहिला. "तुम्ही रहिवासी कुठले?"

मी सांगितलं.

"मग तुम्ही बाहेरच्या की. सवलत आमच्या राज्यातल्यांना. तुम्ही तुमच्याकडचा दाखला आणा."

आमच्याकडं राज्य चालत होतं पण धर्म चालत नव्हता. त्यांच्याकडं धर्म चालत होता पण राज्य चालत नव्हतं. मी तिथल्या बाकावर बसून रडले. लोक बघत होते, बघोत! इतकी हतबल मी पुढं कधीच झाले नाही, बाळंतपणात सुद्धा नाही.

मामांनी मात्र तोड काढली. त्यांच्या ओळखीत एक मुलगा होता, दुकानात कामाला. "पोरगी हितं दिऊन टाकू. सून म्हून आली की ह्या राज्याची झाली. मग शिकू दे की." आईला ते पटलं. परतीच्या बसमध्ये ती किती तरी दिवसांनी हलकी होऊन बोलत होती, पोरगा दारू पीत न्हाई, घर पत्र्याचं हाय. मला माहीत होतं, तसं शिकवायला आजवर कुणी सून आणलेली नाही. घरी आल्यावर आईनं अप्पांना सांगितलं आणि अप्पा म्हणाले, "बगू." त्यांनी नको म्हटलं नाही. माझ्या डोक्यात तिडीक गेली.

मी जेवायच्या ताटावरून उठले. "दीक्षा तुमी घेतलाव," मी ओरडले, "आन् भोगायलेय मी! तुमची सही तुमाला लई मोठी. माझं वाटोळं झालं तर चालतंय, तुमच्या तीन अक्षरांना काय व्हाया नको!"

आई "अगं अगं" करत आली. अप्पांनी हातातला घास परत ताटात ठेवला. भिंतीवर फोटो होता, आमच्या सगळ्यांच्या घरात असतो तो, निळ्या कोटातला. अप्पा रोज कामाला निघताना त्याला हात जोडून जायचे. मी त्या फोटोकडं बोट करून म्हणाले, "त्यांनीच सांगितलं ना शिका म्हून? मग शिकू द्या की मला!"

हे बोलले नसते तर बरं झालं असतं, असं मला पन्नास वेळा वाटलं असेल. पण बोलले नसते तर काय झालं असतं, तेही मला ठाऊक आहे.

दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी धुतलेला सदरा घालून दारात उभे राहिले. म्हणाले, "चल. कुठं सही पायजे?"

अर्ज लिहिणाऱ्यानं शपथपत्र कन्नडात लिहिलं, कचेरीला तेच लागायचं. अप्पांना कन्नड बोलता यायचं, पण वाचता कुठलंच येत नव्हतं. मला शाळेत तिसरी भाषा म्हणून कन्नड होतं. त्यांनी कागद माझ्या हातात दिला. "वाच. काय लिवलंय, शब्दान् शब्द सांग."

माझ्या मनात आलं, काहीतरी मऊ करून सांगावं. नुसतं नाव-गाव आहे म्हणावं. त्यांना काय कळणार होतं? पण ते माझ्या तोंडाकडं असे बघत होते की मला थाप मारता येईना. मी वाचलं आणि मराठीत सांगितलं, की आम्ही पहिल्यापासून हिंदू आहोत. मी अडाणी असल्यामुळं, मला समज नसल्यामुळं, मुलीच्या नावापुढं चुकून बौद्ध असं सांगितलं.

"अडाणी असं लिवलंय?"

"व्हय."

"समज न्हाई असं बी?"

"व्हय अप्पा."

त्यांनी पेन घेतलं. साहेबासमोर तीच तीन अक्षरं काढली, या वेळी भराभर. इतक्या वर्षांत हाताला सवय झाली होती.

एवढ्यावर भागलं असतं तर! साहेब म्हणाले, घरी चौकशी होईल. तलाठी येऊन बघणार, घरात खरंच हिंदूंची चालरीत आहे का. घरात देव पाहिजेत म्हणजे. आणि देव तर अप्पांनी ओढ्यात सोडलेले.

आमच्या गल्लीत एक म्हातारी होती. तिनंही सगळ्यांबरोबर दीक्षा घेतली होती, पण यल्लम्माला सोडलं नव्हतं. "ती बी ऱ्हाऊ दे, हे बी ऱ्हाऊ दे," म्हणायची. एरवी अप्पा तिची थट्टा करायचे, त्या दिवशी आई तिच्याकडून यल्लम्माचा फोटो मागून घेऊन आली. वीतभर सुद्धा नव्हता. भिंतीत खिळा एकच.

अप्पांनी निळ्या कोटाचा फोटो स्वतःच्या हातानं काढला. आईला हात लावू दिला नाही. आपल्या धुतलेल्या धोतरात गुंडाळला आणि ज्वारीच्या कणगीत खोल ठेवला. वरून ज्वारी सारखी केली. मग टोपली-फावडं घेऊन सडकेवर निघून गेले. निघताना सवयीनं भिंतीकडं वळले, हात अर्धे वर आले, समोर यल्लम्मा. तसेच खाली घेतले.

तलाठी आला. बाहेरच्या बाजेवर बसला, आत डोकावला. चुलीच्या धुरानं भिंत काळी पडली होती आणि तिच्यावर मोठ्या फोटोच्या मापाची पांढरी चौकट होती. त्या चौकटीत मध्येच बोटभर यल्लम्मा. आंधळ्यालाही कळलं असतं. त्यानं माझ्याकडं बघितलं, मी जमिनीकडं बघितलं. आईनं चहा पुढं केला. "आत्ताच झाला," तो म्हणाला आणि कप ताटलीत तसाच राहिला. चहाला न शिवता त्यानं आमची जात तपासली आणि ती शाबूत असल्याचं लिहून दिलं.

दाखला निघाला. सरांनी माझ्या वहीतल्या दुसऱ्या रकान्यात स्वतःच्या पेनानं बरोबरची खूण केली. डॉक्टरकीला मार्क पुरले नाहीत, ते माझं मी भोगलं. पण नर्सिंगला नंबर लागला, गुलबर्ग्याला, त्याच कागदावर, आणि हॉस्टेलही मिळालं. उदगीरचा पत्र्याच्या घरातला मुलगा राहून गेला. सगळं मनासारखं झालं म्हणायचं.

यल्लम्मा तर अप्पांनी त्याच संध्याकाळी परत नेऊन दिली. आम्हाला वाटलं, आता कणगीतला फोटो निघेल. आईनं विचारलंही. "कामून काढायलाव न्हाई?"

"कागदावर मी त्यांचा न्हाई," अप्पा म्हणाले. "कागद दुरुस्त हुईल तवा लावीन."

माझ्याशी ते पहिल्यासारखं बोलायला लागले. मी सुट्टीत आले की स्टँडवर घ्यायला यायचे, पिशवी उचलायचे. पण कामाला निघताना हात जोडणं बंद झालं. घरात खिळा तेवढा होता. आई त्याला टोपलीही अडकवायची नाही. दरवर्षी नवी ज्वारी आली की अप्पा फोटो काढायचे, पुसायचे, परत गुंडाळून तळाशी ठेवायचे. पहिली सही सांगायची गोष्टही त्यांनी बंद केली.

अशी सहा-सात वर्षं गेली. मी दवाखान्यात सिस्टर म्हणून लागले होते. एक दिवस ड्यूटीवर असताना अप्पा पेपर घेऊन आले. हॉटेलात कुणाकडून तरी वाचून घेतलेला. धापा टाकत होते. दिल्लीत कायदा बदलला होता, बौद्धांनाही आता तीच सवलत मिळणार होती.

"आता काय अडचण न्हाई ना बाई? बौद्ध लिवलं तरी तुझं काय जात न्हाई?"

"न्हाई जात अप्पा."

"मग दुरुस्त करून आण की."

मी रजा टाकून गेले. कचेरीतला माणूस भला होता, त्यानं माझी जुनी फाईल शोधून काढली. शपथपत्र वर काढून अप्पांच्या सहीवर बोट ठेवलं. "सिस्टर, तुमच्या वडिलांनीच शपथेवर सांगितलंय, बौद्ध चुकून लिहिलं म्हणून. आता ते खोटं होतं म्हणायचं तर दाखला खोटा. दाखला खोटा तर नर्सिंगची जागा खोटी. मग नोकरी राहते का? कशाला उकरता? ठेवा झाकून."

मी फाईल बंद केली. बाहेर आले, नळाचं पाणी तोंडावर मारलं आणि बसमध्ये बसले.

अप्पा दारातच होते. सदरा धुतलेला, दाढी केलेली. मला लांबून बघूनच उभे राहिले.

"झालं?"

"झालं अप्पा."

"काय लिवलं? शब्दान् शब्द सांग."

"बौद्ध लिवलं. आदी जे लिवलं व्हतं ते बरोबर व्हतं, असं लिवलं."

"आन् माझी सही?"

"ती बी बरोबर व्हती म्हनले."

त्यांनी आत जाऊन कणगीत खांद्यापर्यंत हात घातला, फोटो काढला, काचेवरचा भुसा सदऱ्याच्या बाहीनं पुसला. त्या पांढऱ्या चौकटीवर आता धूर बसून सगळी भिंत सारखी झाली होती. खिळा मात्र पक्का होता. त्यांनी फोटो अडकवला, दोन पावलं मागं आले आणि हात जोडले.

माझ्या सर्व्हिस बुकात शेवटपर्यंत हिंदूच राहिलं. पुढं अप्पा गेले, त्यांना ते कळलं नाही.

"नीट लागलाय का बग," त्या दिवशी ते मला म्हणाले. "माझी नजर कमी झाली आता."

"नीट हाय अप्पा," मी म्हणाले. "एकदम सरळ हाय."